संगणकाच्या तटातील चोर खिडक्या

चंद्रपूरच्या गोंडकालीन तटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा हे दरवाजे; विठोबा, हनुमान, बगड, मसाण आणि चोर या खिडक्या. दरवाजांवर पहारे असत, हत्ती-घोड्यांची ये-जा तेथूनच होई. परंतु कोणत्याही तटबंद शहराला लहान वाटाही लागतातच, आणि चंद्रपुरात अशा एका वाटेचे नाव चोर खिडकी असेच पडले. नावामागची कथा काहीही असो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी हे शहर जिंकले ते तोफा लावून, तटाला खिंडार पाडून. त्या हल्ल्याचा आवाज साऱ्या शहराने ऐकला. आज याच शहरातील कचेऱ्या, बँका, महाविद्यालये आणि कारखाने ज्या संगणकीय तटाच्या आत बसून कारभार करतात, त्यावर तोफा डागून कोणी येत नाही. येणारा आडवाटेने येतो, आणि एकदा आत शिरला की पुढच्या खेपेसाठी स्वतःची एक खिडकी करून ठेवतो. संगणकाच्या परिभाषेत या खिडकीला ‘वेबशेल’ म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत या विषयाची चर्चा व्हावयास हवी तेवढी होत नाही, आणि ज्यांनी ती करावयाची त्यांना हा विषय पुण्या-मुंबईचा वाटतो.

संकेतस्थळ म्हणजे केवळ मजकुराचा आणि छायाचित्रांचा फलक नव्हे. सर्व्हर नावाच्या संगणकावर काही फाइली ठेवलेल्या असतात. नागरिकाने अर्ज भरला किंवा विद्यार्थ्याने निकाल मागितला की त्या फाइलींतील आज्ञा हा संगणक पाळतो आणि उत्तर तयार करून पाठवितो. आता या फाइलींच्या रांगेत एखाद्या परक्याने आपलीही एक फाइल गुपचूप ठेवून दिली, तर सर्व्हर तिच्यातील आज्ञाही तितक्याच इमानाने पाळतो. आपली कोणती आणि परक्याची कोणती, हे ओळखण्याची बुद्धी त्याला नसते. मग तो परका जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसून आपल्या फाइलीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकतो आणि सर्व्हरला हुकूम सोडतो: अमुक यादी दाखव, तमुक पासवर्ड दे, शेजारच्या संगणकाशी बोल. ‘चायना चॉपर’ या नावाने २०१२ पासून ओळखल्या जाणाऱ्या वेबशेलचा सर्व्हरवर राहणारा भाग एका ओळीचा असतो. त्याच्या एका प्रकाराची लांबी अवघी ७३ बाइट आहे. तहसील कचेरीतल्या एका साध्या पोचपावतीवर याहून अधिक अक्षरे असतात.

ही फाइल आत येते कशी, याचे उत्तर कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. संकेतस्थळावर अर्जासोबत कागदपत्रे जोडण्याची सोय असते. तेथे छायाचित्र किंवा पीडीएफ घ्यावयाचे, परंतु आलेली फाइल खरोखर तशीच आहे की नाही हे कोणी तपासत नाही. छायाचित्राच्या जागी प्रोग्रॅम येऊन पडतो. किंवा संकेतस्थळ ज्या तयार प्रणालीवर उभारले आहे तिच्यातील एक दोष जगजाहीर झालेला असतो, त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध असते, पण ती बसविलेली नसते. किंवा व्यवस्थापकाचा पासवर्ड संस्थेच्या नावापुढे १२३ जोडून तयार केलेला असतो. यांतील एकही गोष्ट असामान्य बुद्धीची अपेक्षा करीत नाही.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य गडचिरोली जिल्ह्यात ज्याने ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. एटापल्लीला किंवा भामरागडला दाखल्यासाठी आलेला माणूस ते ऐकून परत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. त्यामुळे संगणकाचे दुखणे म्हणजे तो बंद पडणे, अशी समजूत लोकांची आणि अधिकाऱ्यांचीही झाली आहे. वेबशेलचे लक्षण नेमके उलटे असते. ज्याने आपली खिडकी बसविली आहे त्याला सर्व्हर सुरळीत चालावयास हवा असतो. संकेतस्थळ बंद पडले तर कोणी तंत्रज्ञ येईल, फाइली उघडून पाहील आणि आपले बिंग फुटेल, ही भीती त्याला असते. काही घुसखोर तर स्वतः ज्या दोषातून आत आले तो दोष स्वतःच दुरुस्त करून टाकतात, कारण दुसरा चोर त्याच वाटेने यावयास नको असतो. दाखले मिळत आहेत, निकाल लागत आहेत, पगारपत्रके निघत आहेत. सारे आलबेल आहे असे वाटावे अशीच ही परिस्थिती, आणि महिनोन्महिने माहिती बाहेर जात राहते.

अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमापन कंपनीचे २०१७ मधील प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगे आहे, कारण तेथील संसदीय समितीने त्याची चिरफाड करून अहवाल प्रसिद्ध केला आहे. ७ मार्च २०१७ रोजी ‘अपाची स्ट्रट्स’ या प्रणालीतील एक दोष जाहीर झाला आणि त्याची दुरुस्तीही सोबतच मिळाली. कंपनीत ४८ तासांत ती बसवावी असा हुकूम निघाला. हुकूम निघाला, पण ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका जुन्या संकेतस्थळापर्यंत तो पोचलाच नाही, कारण तेथे ही प्रणाली वापरात आहे याची नोंद कोणाकडे नव्हती. मे महिन्यात घुसखोर त्याच वाटेने आत आले, त्यांनी सुमारे तीस वेबशेल पेरले, त्यांच्या आधारे एका फाइलीत साध्या अक्षरांत लिहून ठेवलेले पासवर्ड मिळविले आणि तक्रार-विभागाशी काडीचाही संबंध नसलेल्या अठ्ठेचाळीस माहितीसाठ्यांपर्यंत मजल मारली. ७६ दिवस हे चालले. चौदा कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. बाहेर जाणारी वाहतूक तपासणारे यंत्र कंपनीकडे होते. परंतु त्याचे प्रमाणपत्र दीड वर्षाहून अधिक काळ मुदत संपून पडले होते, त्यामुळे ते यंत्र आंधळे झाले होते. २९ जुलै रोजी प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले आणि संशयास्पद वाहतूक तत्काळ दिसली. जगातील एका धनाढ्य कंपनीची ही कथा वाचताना विदर्भातील कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला ओळखीचे बरेच काही सापडेल: निघालेले पण न पोचलेले परिपत्रक, कोणाच्याच ताब्यात नसलेले जुने यंत्र, नूतनीकरणाअभावी पडून राहिलेला करार.

या दोन जिल्ह्यांतील संस्थांची संकेतस्थळे कशी जन्माला येतात हे पाहिले म्हणजे चिंता वाढते. जिल्हा प्रशासनाची मुख्य संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या छत्राखाली असतात. त्यांच्यासाठी सुरक्षा-परीक्षणाची अट आहे आणि ती बऱ्याच अंशी पाळली जाते. खरा प्रश्न त्या छत्राबाहेरच्यांचा आहे. नगर परिषदा, बाजार समित्या, पतसंस्था, शिक्षणसंस्था, खाजगी रुग्णालये, लहान कारखाने, विश्वस्त मंडळे. यांची संकेतस्थळे नागपूरच्या किंवा आणखी कोठल्या एखाद्या कंत्राटदाराने सर्वांत कमी दराच्या निविदेवर तयार केलेली असतात. उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. पुढे कंत्राटाची मुदत संपते. ज्या मुलाने ते काम केले तो पुण्याला नोकरीस गेलेला असतो आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड त्याच्याच भ्रमणध्वनीत राहिलेला असतो. संकेतस्थळ मात्र चालू राहते, आणि ज्या प्रणालीवर ते उभे आहे तिच्यात दर महिन्याला नवे दोष सापडत राहतात. घराला रंग दिला म्हणजे ते पावसाळ्यात गळणार नाही असे कोणी मानीत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ते मानले जाते. सुरक्षा-परीक्षणाचे प्रमाणपत्र मिळविलेल्या संस्थांची स्थितीही फारशी वेगळी नाही. प्रमाणपत्रावर एक तारीख असते, आणि त्या तारखेनंतर कोणीतरी घाईने जोडलेला एखादा नवा अर्ज परीक्षकाने पाहिलेलाच नसतो.

आपल्यासारख्या लहान संस्थेच्या मागे कोण लागणार, हा युक्तिवाद येथे हमखास होतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. दोष असलेले सर्व्हर माणसे शोधीत बसत नाहीत. प्रोग्रॅम शोधतात, आणि ते इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याचे दार एकेक करून हलवून पाहतात. दार वॉशिंग्टनमधले आहे की वडसा-देसाईगंजमधले, हे त्यांना ठाऊकही नसते. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० ते जानेवारी २०२१ या काळात आपल्या ग्राहकांच्या यंत्रांवर दरमहा सरासरी १,४०,००० वेबशेलची नोंद केली. त्याआधीच्या वर्षी हा आकडा ७७,००० होता. एवढ्या साऱ्या यंत्रांत कोणाचे वैर असणार? शिवाय लहान संस्थेकडे चोरण्याजोगे काही नसले तरी तिचे नाव असतेच. २०२४ मध्ये देशातील अनेक राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर ऑनलाइन सट्ट्याच्या पानांकडे नेणारे दुवे आढळले. सरकारी पत्त्यावर लोकांचा आणि शोधयंत्रांचाही जो विश्वास असतो, तोच तेथे विकला जात होता.

महाराष्ट्राने या क्षेत्रातले धडे स्वस्तात घेतलेले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम-व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर शिरले आणि अठ्ठावीस देशांतील एटीएममधून, तसेच हाँगकाँगमधील एका खात्याद्वारे, सुमारे ९४ कोटी रुपये नाहीसे झाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये चौदा ‘ट्रोजन हॉर्स’ घातले गेले असण्याची शक्यता बोलून दाखविली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी तो मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. दोघांपैकी कोणाचे खरे हा वाद बाजूला ठेवला, तरी एवढ्या मोठ्या घटनेनंतर राज्य आणि केंद्र यांना एका निष्कर्षावर येता येऊ नये, ही गोष्ट नोंदी कशा ठेवल्या जातात यावर पुरेसा प्रकाश टाकते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत खुद्द चंद्रपुरात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ग्राहकांनी आरटीजीएसने पाठविलेले पैसे इच्छित खात्यांऐवजी परप्रांतातील भलत्याच खात्यांत गेल्याचे उघडकीस आले. रक्कम तीन कोटींच्या वर होती. या प्रत्येक प्रकरणात घुसखोराची वाट वेगळी असेल. ती वेबशेलचीच होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु ‘हे आपल्याकडे होत नाही’ असे म्हणण्याची सोय चंद्रपूरकरांना तेव्हापासून राहिलेली नाही.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे आणि १९९९ पासून येथील वीज साडेसातशे किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने थेट मुंबईलगतच्या पडघ्यापर्यंत जाते. बॉयलर आणि टर्बाइन चालविणारी संगणकयंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवण्याचा दंडक अशा केंद्रांत असतो. तो किती मोलाचा आहे हे २०१९ मध्ये कुडनकुलमला दिसले. तेथे मालवेअर सापडले ते प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकात. अणुभट्टीचे नियंत्रण करणारे जाळे त्याच्यापासून तोडलेले असल्यामुळे तेथपर्यंत ते पोचले नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीर केले. आदल्याच दिवशी केंद्राकडून असे काही घडलेच नसल्याचा खुलासा झाला होता, ही बाब वेगळी. मोठ्या प्रकल्पांना परवडणारी ही अलगता लहान संस्थांनाही शक्य आहे, आणि तिला फार पैसा लागत नाही. महाविद्यालयाचे प्रवेश-संकेतस्थळ आणि लेखा विभागाचा संगणक एकाच जाळ्यावर असण्याचे काही कारण नाही. लोकांसमोर उघडा असलेला सर्व्हर ओसरीवर बसवावा. तेथून माजघरात जाणारे दार बंद असावे. वेबशेल बसलाच, तर त्याला ओसरीच मिळेल.

दुरुस्ती बसविली म्हणजे काम झाले, ही समजूत मार्च २०२१ मध्ये खोटी ठरली. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या टपालप्रणालीतील दोष त्या महिन्याच्या २ तारखेला जाहीर झाले. कंपनीने दुरुस्ती दिली, जगभरच्या संस्थांनी ती बसविली आणि सुटकेचा श्वास सोडला. परंतु दुरुस्तीने भिंतीतले भोक बुजते. आधीच आत येऊन बसलेला माणूस त्यामुळे बाहेर जात नाही. हजारो सर्व्हरवर वेबशेल तसेच राहिले. अखेर १३ एप्रिल रोजी अमेरिकेच्या एफबीआयने न्यायालयाच्या परवानगीने शेकडो खाजगी संगणकांत शिरून, मालकांच्या आधी, ते काढून टाकल्याचे जाहीर केले. पोलिसांनी चोराच्याच वाटेने आत जाऊन चोराची खिडकी मोडली. त्यातील घटनात्मक प्रश्न साधा नाही आणि आपल्याकडे तो उद्या उपस्थित होणारच नाही असेही नाही. २०२५ च्या जुलैमध्ये ‘शेअरपॉइंट’ प्रणालीच्या बाबतीत याचीच पुढची पायरी दिसली. तेथे पेरलेली फाइल सर्व्हरच्या गुप्त किल्ल्याच वाचून नेत होती. फाइल पुसली, दोष दुरुस्त केला, तरी किल्ल्या बदलल्या नाहीत तर चोराला खिडकीचीही गरज उरत नव्हती. तो समोरच्या दाराने, मालकाच्या रुबाबात येऊ शकत होता.

म्हणून वेबशेल सापडल्यावर घाईघाईने ती फाइल पुसून टाकणे, हा सर्वांत वाईट उपाय होय, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत प्रचलित आहे. फाइल पुसली की ती केव्हा आली, कोठून आली आणि तिने काय केले याचा पुरावाही पुसला जातो. बहुधा ती एकटीही नसते. जुन्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभारण्याची पद्धत आहे. पण घुसखोर चार महिन्यांपूर्वी आला असेल तर गेल्या महिन्याच्या प्रतीत तोही जपून ठेवलेला असतो आणि संस्था स्वतःच्या हाताने त्याला पुन्हा बसविते. सर्व्हर जाळ्यापासून तोडावा, त्याची आहे त्या स्थितीत प्रत घ्यावी, वाट कोणती होती ते शोधावे, मगच स्वच्छ पायावर नवी उभारणी करावी आणि सर्व पासवर्ड व किल्ल्या बदलाव्यात. यात दोन-चार दिवस संकेतस्थळ बंद राहील. ते सहन करण्याची तयारी वरिष्ठांनी दाखविली नाही, तर खालचा तंत्रज्ञ फाइल पुसून मोकळा होणारच.

सापडण्याच्या आधीचे काम मात्र खरे पहाऱ्याचे आहे, आणि ते समजावयास या जिल्ह्यांना बाहेरच्या गुरूची गरज नाही. ताडोबाच्या जंगलातला वनरक्षक आपल्या बीटवर रोज फिरतो. कोणता ठसा कालचा आणि कोणता आजचा, कोणती वाट जनावराची आणि कोणती माणसाने पाडलेली, हे त्याला कळते, कारण बीटवर नेहमी काय असते हे त्याला पाठ असते. शिकाऱ्याचे नाव ठाऊक असण्याची त्याला आवश्यकता नसते. विषाणूविरोधी प्रोग्रॅम याच्या उलट पद्धतीने चालतात. त्यांच्याजवळ गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह असतो आणि एका ओळीचा वेबशेल हजार रीतींनी वेषांतर करू शकतो. त्यापेक्षा सर्व्हरवर कोणत्या फाइली असावयास हव्यात याची एक विश्वासू यादी वेगळ्या जागी ठेवावी आणि रोज रात्री प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. यादीत नसलेली फाइल दिसली की विचारणा व्हावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२० मध्ये संयुक्तपणे दिलेल्या सल्ल्यात हाच मार्ग अग्रभागी आहे. त्याच्याच जोडीला, नागरिकांची कागदपत्रे जेथे साठतात त्या कप्प्यातील कोणतीही फाइल प्रोग्रॅम म्हणून चालणार नाही अशी व्यवस्था सर्व्हरवर करता येते. काही मिनिटांचे हे काम आहे. ते केले असते तर आजवरचे कितीतरी वेबशेल पडल्या जागी मेले असते.

मग उरतात नोंदी. सर्व्हर प्रत्येक येणाऱ्याची नोंद ठेवतो. ज्या पानाकडे संकेतस्थळावरून एकही दुवा जात नाही, ज्याला जगात एकच माणूस भेट देतो, तोही रात्री तीन वाजता आणि दर वेळी काहीतरी मजकूर पाठवून, ते पान संशयास्पद आहे हे सांगण्यास अभियंता लागत नाही. संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रोग्रॅमने एकाएकी संगणकाला हुकूम सोडणारा दुसरा प्रोग्रॅम सुरू करावा, हे तर धावत आलेल्या ठशासारखे स्पष्ट चिन्ह. फक्त या नोंदी त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, कारण घुसखोर प्रथम त्याच पुसतो. त्या दुसऱ्या यंत्रावर जावयास हव्यात. आणि कोणीतरी त्या वाचावयास हव्यात. येथे गाडे अडते. फायरवॉल विकत घेण्याचा प्रस्ताव मंजूर होतो, कारण ती वस्तू आहे, तिचे बिल होते, ती साठा-नोंदवहीत चढते. रोज अर्धा तास नोंदी वाचणाऱ्या माणसाचे पद मंजूर होत नाही. वेबशेलशी होणारे सारे बोलणे तर सामान्य नागरिकाच्याच वाटेने, त्याच सुरक्षित म्हणविल्या जाणाऱ्या सांकेतिक स्वरूपात होत असते. साधी फायरवॉल त्याला सलाम करून आत सोडते.

कायद्याची बाजू आज पूर्वीइतकी कमकुवत नाही. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. सहा तासांची मुदत फार तोकडी आहे अशी ओरड तेव्हा उद्योगांनी केली. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. ज्या कचेरीत वीजच चार तास नसते तेथे सहा तास म्हणजे काय? परंतु अडचण घड्याळापेक्षा मानसिकतेत अधिक आहे. प्रकार कळविला तर आपल्यावरच ठपका येईल, चौकशी लागेल, वेतनवाढ अडेल, अशी धास्ती कर्मचाऱ्याला असते आणि ती निराधार नसते. शेजारच्या संस्थेवरही त्याच कंत्राटदाराने बनविलेले, त्याच दोषाचे संकेतस्थळ असते, पण तिला सावध करणारे कोणी नसते. गावात पटकी आली तर तलाठ्याने ती लपविली म्हणून शिक्षा होई; कळविली म्हणून नव्हे. संगणकाच्या बाबतीत उलट न्याय चालतो. चुकून घडलेल्या आणि वेळेत कळविलेल्या प्रकाराबद्दल कर्मचाऱ्याला अभय, आणि लपवाछपवीबद्दल कठोर कारवाई, असे धोरण राज्य शासनाने स्पष्ट शब्दांत जाहीर केल्याखेरीज सहा तासांचा नियम कागदावरच राहील.

गडचिरोलीच्या बाबतीत या प्रश्नाला एक निराळे वजन आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात माणसाचे आणि सरकारचे नाते मुख्यतः कागदाचे आहे. वनहक्काचा दावा, जातीचा दाखला, सातबारा, तेंदूच्या हंगामाचा हिशेब. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक. त्यानंतर या जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकण्यास सुरुवात केली, निविदा काढल्या, बँकेत खाती उघडली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या झगड्यातून आलेला हा हक्क आता हळूहळू संगणकातील नोंदीत उतरत आहे. पैसे चोरीला गेले तर ते निदान कळते. नोंदीतली एक सीमा, एका गटाचा क्रमांक, एका खात्याचा आकडा शांतपणे बदलला गेला, तर तो केव्हा बदलला हे सांगणार कोण? ज्याच्याजवळ मूळ कागद पत्र्याच्या पेटीत जपलेला आहे तो भांडू तरी शकेल. ज्याचे सारे व्यवहार ऑनलाइनच झाले त्याच्या हाती पडद्यावर दिसणारे वाक्य तेवढे उरते, आणि ते वाक्य कोणी लिहिले हे सर्व्हरला विचारावे लागते. अशा नोंदींच्या स्वाक्षरीबद्ध प्रती ठराविक मुदतीने ग्रामसभेच्या आणि जिल्ह्याच्या ताब्यात स्वतंत्रपणे ठेवण्याची सक्ती व्हावयास हवी.

२०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ या दोन्ही जिल्ह्यांचे आहे. चंद्रपुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत, आणि तेथून दरवर्षी संगणकाचे शिक्षण घेतलेली मुले बाहेर पडून थेट हिंजवडीची वाट धरतात. यांतील दहा-बारा जणांना जिल्ह्यातच नेमून नगर परिषदा, पतसंस्था, महाविद्यालये आणि ग्रामसभांच्या सर्व्हरची पाळीपाळीने तपासणी करणारे एक सामाईक पथक उभारता येईल. एकेका संस्थेला परवडणार नाही ते सर्वांना मिळून परवडेल. संकेतस्थळाच्या प्रत्येक कंत्राटात पाच वर्षांच्या दुरुस्तीचे कलम, व्यवस्थापकाचे पासवर्ड संस्थेच्या ताब्यात देण्याचे कलम आणि मुदत संपल्यावर संकेतस्थळ रीतसर बंद करण्याचे कलम असावे. तत्पूर्वी, दोन्ही जिल्ह्यांत कोणत्या संस्थेचा कोणता सर्व्हर कोठे आहे आणि त्याची जबाबदारी कोणाकडे आहे, याची एक साधी यादी व्हावयास हवी. तिला नवा कायदा लागत नाही की मुंबईची परवानगी लागत नाही. जिल्हा नियोजन समित्यांच्या पुढील बैठकीत हा विषय घेता येईल, आणि यादी करण्याचे काम एका महिन्यात संपविता येईल.